खतना 'उरकून' घेऊ नका

आपल्या घरांत एक वाक्य ठरलेलं आहे: "मे महिन्याच्या सुट्टीत पोराची मुसलमानी उरकून घेऊ." उरकून. बारसं उरकतात, साखरपुडा उरकतात, तशीच सुंताही उरकतात. अपेंडिक्सचं ऑपरेशन मात्र कुणी उरकत नाही. तिथे डॉक्टर कोण, भूल कोण देणार, रक्त तपासलं का, टाके कधी काढायचे, हे सगळं आपण खोदून खोदून विचारतो. दोन्हीकडे सुरी आहे, रक्त आहे, जखम आहे. एकाला आपण शस्त्रक्रिया म्हणतो आणि दुसऱ्याला दावत.

माझं भांडण या 'उरकून' शब्दाशी आहे. खतना करावा की करू नये, मुलाची संमती न घेता करावा का, हा वाद खरा आहे आणि तो आपल्यात व्हायला हवा. पण आज मी त्यांच्याशी बोलतोय जे करणारच आहेत, म्हणजे आपली जवळजवळ सगळी घरं. करणार असाल तर शस्त्रक्रिया म्हणून करा. आधी डॉक्टर, करताना डॉक्टर, आणि पुढे आयुष्यात केव्हाही त्या जागी काही झालं तर लाज न धरता डॉक्टर. (आणि हे सगळं मुलग्यांबद्दल आहे. काही जमातींत मुलींच्या बाबतीतही हाच शब्द वापरतात. त्याला वैद्यकीय आधार शून्य आहे. तिथे 'सुरक्षितपणे कसं करावं' हा प्रश्नच नाही, ते थांबवायचं आहे.)

तिशी ओलांडलेल्या आपल्यापैकी अनेकांना 'ती बघ सोन्याची चिडिया' आठवत असेल. मुलाने वर पाहिलं की खाली हात चालायचा. मी सहा वर्षांचा होतो. मामूने मागून धरलं होतं, नवी लाल लुंगी होती, नंतर खिशात दहा-दहाच्या नोटा आल्या. लग्नाकार्यात आम्ही भाऊ भेटलो की कुणी किती आरडाओरडा केला यावर अजूनही हसतो. हसायला माझी हरकत नाही. पण हसून झाल्यावर कुणीतरी म्हणतं, "आपल्याला काय झालं? ठणठणीत आहोत ना!" तिथे मी अडतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. 'माझ्या मशीनवर तर चालतंय' हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात बदनाम वाक्य आहे. ज्यांचं काही बिघडलं नाही ते लग्नात हसतात. ज्यांचं बिघडलं ते त्या घोळक्यात बोलत नाहीत.

माझ्या एका चुलतभावाच्या मुलाचा खतना एका शादीखान्यात भरलेल्या सामूहिक कॅम्पात झाला. एका सकाळी बरीच मुलं. पोस्टर होतं, बिर्याणी होती, प्रत्येक मुलाला कपड्यांचा जोड होता. संध्याकाळी पट्टी भिजायला लागली. कॅम्पातल्या माणसाचा फोन बंद. घरातल्या मोठ्यांनी कापड जाळून राख लावायला सांगितली, कुणी हळद आणली. रात्री दहाला पोराला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने खालच्या बाजूची एक रक्तवाहिनी पकडून टाका घातला आणि काम संपलं. मुलगा आज क्रिकेट खेळतो. पण त्या डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला तो कॅम्पात कुणीच विचारला नव्हता: "याच्या मामांपैकी कुणाला रक्त न थांबण्याचा त्रास आहे का?"

मामाच का? कारण हिमोफिलिया, म्हणजे रक्त गोठण्यातला जन्मजात दोष, आईकडून मुलाकडे येतो. आईला स्वतःला बहुधा त्रास नसतो, तिच्या भावांमध्ये दिसतो. अनेक मुलांमध्ये हा आजार पहिल्यांदा खतन्याच्या जखमेतूनच कळतो, आणि तेव्हा कळणं म्हणजे फार उशिरा कळणं. एक प्रश्न, जो फुकट आहे, आणि शंका असेल तर रक्ताची तपासणी. एवढ्याने एखादं पोर वाचू शकतं. ज्यूंच्या तालमुदमध्येसुद्धा सुंतेनंतर दोन भाऊ दगावले तर तिसऱ्याची सुंता करू नये, असा विचार आहे. रक्ताचं शास्त्र तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, पण डोळे उघडे होते.

आपल्याकडचे डोळेही उघडे होते. अबुल कासिम अल-जहरावी हे नाव आपण 'मुसलमानांचं विज्ञानातलं योगदान' अशा फॉरवर्डमध्ये वाचतो आणि पुढे सरकतो. दहाव्या-अकराव्या शतकात कोर्डोब्याजवळ काम केलेला हा शल्यचिकित्सक. युरोपातल्या वैद्यांनी कित्येक शतकं त्याचा ग्रंथ वापरला. त्या 'अल-तसरीफ' ग्रंथातल्या शस्त्रक्रियेच्या भागात मुलांच्या खतन्यावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात खतना कसा करावा याबरोबरच करताना चूक झाली तर ती कशी सुधारावी हेही आहे. वेगवेगळ्या पद्धती तोलून तो कात्रीला पसंती देतो. किरकोळ जखमेनंतरही रक्त वाहून मरणाऱ्या पुरुषांची नोंदही त्याच ग्रंथात आहे, आणि वैद्यकाचे इतिहासकार ती हिमोफिलियाच्या जुन्या नोंदींत धरतात. हजार वर्षांपूर्वीच्या मुस्लिम सर्जनने 'चूक होऊ शकते' हे गृहीत धरून लिहिलं. आपण मोबाइलवर त्याचा फोटो फिरवतो आणि पोराला राख लावतो.

"पण ही सुन्नत आहे, त्यात डॉक्टर कशाला आणता?" हा प्रश्न मला दोनदा विचारला गेलाय, एकदा तर एमबीए झालेल्या माणसाकडून. कोकणातले आपले बहुतेक लोक शाफई आहेत, त्यांच्याकडे खतना वाजिब मानतात. घाटावरचे बहुतेक हनफी, त्यांच्याकडे सुन्नत. पण सुरी हज्जामानेच धरावी, भूल देऊ नये, असं यातल्या कुणीच सांगितलेलं नाही. मुलाच्या जिवाला धोका असेल तर खतना पुढे ढकलण्याची, प्रसंगी सोडून देण्याची सवलत फिक्हमध्ये आहे. आणि अबू दाऊद यांच्या संग्रहात या आशयाची हदीस आहे की वैद्यकी येत नसताना जो उपचार करतो, तो होणाऱ्या नुकसानाला 'जामिन' असतो. आपला मराठी 'जामीन' शब्द तिथलाच. कॅम्पातून फोन बंद करून निघून गेलेला माणूस जामीन कुठे राहिला?

एक गोष्ट साफ सांगतो. हज्जाम समाजाला खलनायक करण्यात मला रस नाही. गावात सर्जन नव्हता तेव्हा पिढ्यान् पिढ्या ज्यांनी हे काम केलं त्यांच्यातले कित्येक हाताने फार निष्णात होते. पण निष्णात हात निर्जंतुकीकरणाची जागा घेत नाही, भूल देत नाही, आणि रात्री दहाला टाका घालत नाही. धनुर्वात हातसफाई बघून येत नाही. आता तालुक्याला रुग्णालय आहे, बऱ्याच जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे शस्त्रक्रिया विभाग आहे. बाहेर सर्जन बसलेला असताना पोराला शादीखान्यात नेणं ही आता गरिबी नाही, सवय आहे. बिर्याणीचा हंडा आणि मंडपाचा खर्च जोडून बघा.

आता एक माहिती, जी लग्न झालेल्या प्रत्येक वाचकाने लक्षात ठेवावी. दर दोन-तीनशे मुलग्यांमागे साधारण एकाला हायपोस्पेडियास असतो. म्हणजे लघवीचं छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला असतं. अशा बाळाची पुढची कातडी बरेचदा अर्धवट असते, वरून टोपीसारखी, खालून नाही. आपल्याकडे अशा बाळाला बघून आजी खूश होते: हा तर खतना होऊनच जन्माला आला! मग उरलेली कातडी कुणीतरी 'नीट' करून टाकतो. इथेच घात होतो. पुढे दुरुस्तीची शस्त्रक्रिया करताना सर्जन नवा मूत्रमार्ग घडवायला बरेचदा हीच कातडी वापरतो. ती कापून फेकलेली असेल तर त्याचं काम कितीतरी अवघड होतं. बाळ असं दिसलं तर खतना करू नका, आधी लहान मुलांच्या सर्जनला दाखवा. मी हे एका वाक्यात सांगू शकलो असतो, पण आजीचा आनंद मोडायचा असेल तर कारण माहीत असायला हवं.

डॉक्टर आहे म्हणून डोळे मिटायचे, असंही नाही. 'लेझर खतना, वेदनारहित, १५ मिनिटांत' अशा पाट्या शहरांत जागोजागी आहेत. लेझर या शब्दाने भारावू नका, नेमकं उपकरण कोणतं ते विचारा. रक्त थांबवायला विजेवर चालणारं मोनोपोलर उपकरण वापरलं तर करंट शरीरातून बाहेर पडताना त्या अवयवाच्या अरुंद बुडातून जातो आणि तिथे भाजण्याचा धोका असतो. बायपोलर उपकरणात करंट चिमट्याच्या दोन टोकांमध्येच राहतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची करंट डेन्सिटी इथे कामाला येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. प्लास्टिकची रिंग बसवणार असतील तर ती किती दिवसांत पडायला हवी ते विचारा. साधारण आठवडा-दहा दिवसांत पडते. पडली नाही, किंवा मागे सरकून रुतली, तर वाट बघत बसायचं नाही.

मग घरी आल्यावर. जखमेवर पिवळसर पातळ थर दिसतो, तो बहुधा भरण्याचाच भाग असतो, पू नाही. थोडी सूज, थोडे रक्ताचे डाग, हेही चालतं. पण रक्त ठिबकत राहिलं तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटं सलग दाबून धरा, दर मिनिटाला उचलून बघू नका, आणि तरी थांबलं नाही तर निघा. राख नाही, हळद नाही, दोरा नाही. सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, ताप आला, लाली पोटाकडे पसरली, घाण वास आला, टोक निळं-काळं पडलं, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय.

यानंतरची गोष्ट आपण पूर्ण विसरून गेलोय. खतना झाला की त्या अवयवाची फाइल आपण बंद करतो. पण मुलाची लघवीची धार काही वर्षांनी सुईसारखी बारीक होऊ शकते, वरच्या दिशेला उडू शकते, त्याला लघवीला फार वेळ लागू शकतो. तोंडाचं छिद्र आकसल्याचं ते लक्षण असतं, तान्हेपणी खतना झालेल्या मुलांत ते जास्त दिसतं, आणि उपाय अगदी छोटा असतो. आई म्हणते, "हा बाथरूममध्ये टाइमपास करतो." कातडीचा एखादा पूल टोकाला चिकटून राहतो आणि मोठेपणी ताणला की दुखतो. डाग वाकडा भरतो. हे सगळं दुरुस्त होतं. पण पंचविशीतला मुलगा हे कुणाला सांगणार? अब्बांना? तो रेल्वेच्या भिंतीवरची 'गुप्तरोग' जाहिरात वाचतो, तंबूवाल्याकडे जातो आणि पैसे घालवून येतो. 'गुप्त' हा शब्दच त्यांचा धंदा आहे. युरोलॉजिस्टच्या पाटीवर तो नसतो.

हे फक्त आपल्यापुरतं नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मराठी हिंदू मित्राला वर्षभर कातडीला चिरा पडत होत्या, खाज होती, नंतर कातडी मागे जाईना. तो मेडिकलमधून एकामागून एक मलमाच्या ट्यूब आणत होता, ज्यांत स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक असं सगळं एकत्र कोंबलेलं असतं. शेवटी डॉक्टरकडे गेला तेव्हा साखर वाढलेली निघाली. प्रौढ पुरुषात कातडीचा वारंवार होणारा दाह ही कित्येकदा मधुमेहाची पहिली खूण असते. त्याने मला विचारलं होतं, "तुमच्यात हा प्रॉब्लेमच नसतो ना?" कातडीचा नसतो, बाबा. बाकीचे असतात. टोकावरची जखम, गाठ किंवा पांढरा चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर खतना झालेला असो वा नसो, दाखवायचंच. कर्करोग विरळ आहे, पण उशीर झालेला कर्करोग जो त्रास देतो तो विरळ नाही. आणि कातडी मागे सरकवल्यावर पुढे येत नसेल, टोक सुजत असेल, तर ते तासांचं काम आहे, दिवसांचं नाही. थेट इमर्जन्सी.

लहान मुलांची मात्र कातडी मागे ओढायची नाही. जन्मतः ती टोकाला चिकटलेली असते आणि आपापल्या वेळेने सुटते. ब्रिटिश डॉक्टर डग्लस गेर्डनर याने १९४९ मध्ये हे नीट मोजून मांडलं. डेन्मार्कच्या याकोब ऑस्टरने १९६८ मध्ये शाळकरी मुलं तपासली: सहा-सात वर्षांच्या मुलांत कातडी घट्ट असण्याचं प्रमाण सुमारे ८ टक्के होतं, सोळा-सतरा वर्षांपर्यंत ते १ टक्क्यावर आलं. म्हणजे चार वर्षांच्या मुलाची कातडी मागे जात नाही हा आजार नाही. तरीही आपल्यातले काही लोक ऑफिसात, शाळेत, शेजाऱ्यांत सांगतात की डॉक्टरांनीच सांगितलं, फायमोसिस होता. का? धर्मासाठी केलं तर धर्मासाठी केलं म्हणा. खरा फायमोसिस असलेल्या मुलालाही अनेकदा काही आठवडे स्टेरॉइडचं मलम, डॉक्टरच्या देखरेखीखाली, पुरतं.

असंच एक सोयीचं अर्धसत्य म्हणजे 'विज्ञानाने सिद्ध केलं'. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा इथल्या तीन मोठ्या चाचण्यांत खतन्यामुळे पुरुषांना स्त्रीकडून होणारा एचआयव्हीचा संसर्ग साधारण ६० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं, आणि २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जिथे साथ मोठी आहे तिथे त्याची शिफारस केली. बरोबर. पण त्या चाचण्या कुणावर झाल्या? स्वतः संमती दिलेल्या प्रौढांवर. कशा? प्रशिक्षित हातांनी, भूल देऊन, निर्जंतुक साधनांनी, आणि नंतर बोलावून तपासून. आकडा आपण उचलला आणि अटी तिथेच ठेवून आलो. माझ्या टीमने असा रिपोर्ट दिला तर मी परत पाठवीन.

या गप्प बसण्याला बाहेरचंही एक कारण आहे. मराठी शाळेत शिकलेल्या आपल्यातल्या फार थोड्यांनी 'लांड्या' ही शिवी ऐकली नसेल. फाळणीच्या आणि नंतरच्या दंगलींच्या आठवणींत कपडे उतरवून धर्म तपासल्याच्या हकिकती आहेत. ज्या अवयवावरून शिवी पडते आणि जीव जाऊ शकतो, त्याबद्दल चारचौघांत 'इथे दुखतंय' म्हणणं जड जातं. आणि आपल्यातलं कुणी चूक दाखवली की लगेच उत्तर येतं, "आता तूही त्यांच्यासारखं बोलायला लागलास?" मला हा राग कळतो. पण शिवी देणाऱ्याच्या भीतीने आपल्याच पोराची जखम झाकून ठेवायची, म्हणजे त्याच्या हातात आपण आणखी एक गोष्ट दिली.

आणि आपण गप्प राहिलो तर दुसरे बोलतील. २०१२ मध्ये जर्मनीत कोलोनच्या न्यायालयाने एका चार वर्षांच्या मुस्लिम मुलाच्या खतन्याला शारीरिक इजा ठरवलं. त्या मुलालाही नंतर रक्तस्राव होऊन रुग्णालयात न्यावं लागलं होतं. देशभर वाद झाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिथल्या संसदेने कायदा करून आईवडिलांना परवानगी दिली, पण वैद्यकीय नियमांनुसार, आणि मूल सहा महिन्यांचं झाल्यावर फक्त डॉक्टरकडून. आपल्याकडे खतन्याविरुद्धची याचिका केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळली. अनेकांनी सुटकेचा श्वास सोडला. याचिका फेटाळल्याने शादीखान्यातली कात्री निर्जंतुक झाली नाही.

म्हणून जमातींना आणि मस्जिदीच्या कमिट्यांना माझी मागणी आहे. कॅम्प जरूर घ्या, गरीब घरांना त्याचा आधार असतो. पण रुग्णालयात घ्या. प्रत्येक मुलाची आधी तपासणी, मामांबद्दलचा तो प्रश्न, धनुर्वाताची लस, भूल, दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा तपासणी, आणि रात्री उचलला जाणारा एक फोन नंबर. दरवर्षीच्या पोस्टरवर देणगीदारांचे डझनभर फोटो असतात, नगरसेवकाचा सगळ्यात मोठा. त्याच्या खाली शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचं नाव आणि वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक छापा. जागा कमी पडत असेल तर नगरसेवकाचा फोटो थोडा लहान करा.